ट्रॅक्टरचे डिफरन्शियल लॉक : दाबले तर लागावे, सोडले तर सुटावे



नांदगाव पेठ आणि आसपासच्या काळ्या जमिनीत मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, की वावरात आणि पांधणीत ट्रॅक्टर फसायला सुरुवात होते. एक चाक जागेवर गरगर फिरते, चिखल उडवते. दुसरे चाक मात्र ढिम्म. अशा वेळी उपयोगी पडावे म्हणून ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक दिलेले असते. पण पुष्कळ ठिकाणी त्याचे पायडल गंजून बसलेले दिसते, नाही तर कोणीतरी ते तारेने बांधून ठेवलेले असते. दोन्ही गोष्टी वाईट. पहिलीत काम अडते, दुसरीत जिवावर बेतते. रेडिओवर सांगताना हात दाखवून समजावता येत नाही, म्हणून ही माहिती या पत्रकात सविस्तर देत आहोत.

डिफरन्शियल कशासाठी?

तिफण धुऱ्याजवळ वळवताना काय होते ते आठवा. आतला बैल जवळजवळ जागीच फिरतो, बाहेरच्या बैलाला मोठा फेरा घ्यावा लागतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचेही तसेच आहे. दोन चाकांत १.३ मीटर अंतर असेल आणि आतले चाक ३ मीटरच्या फेऱ्यात अर्धे वळण घेत असेल, तर ते सुमारे ९.४ मीटर चालते आणि बाहेरचे १३.५ मीटर. म्हणजे एकाच वळणात ४ मीटरचा फरक! दोन्ही चाके एका सरळ दांड्यावर पक्की बसवली असती, तर प्रत्येक वळणाला टायर घासले असते आणि आतले दात तुटले असते. हा फरक सांभाळून घेणारी गिअरची पेटी म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या पेक्योर नावाच्या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी १८२७ साली ही युक्ती काढली. तीच आजही चालते.

या पेटीचा एक गुण असा, की ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. कोरड्या जमिनीवर हे ठीक. पण समजा, उजवे चाक चिखलात आहे आणि ते १०० किलोच ओढ धरू शकते. डावे चाक घट्ट जमिनीवर आहे आणि ६०० किलो धरू शकते. तरी डाव्यालाही १०० किलोचाच जोर मिळतो. एकूण ओढ २००. उरलेली इंजिनाची ताकद चिखल उडवण्यात जाते.

लॉक लावले, की दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात आणि सारख्याच वेगाने फिरतात. मग डावे चाक आपले ६०० घेते, उजवे आपले १००. एकूण ७००. ट्रॅक्टर निघतो तो यामुळे.

लॉक कसे वापरावे?

बहुतेक ट्रॅक्टरांत लॉकचे पायडल आसनाजवळ, टाचेने दाबायचे असते. आपल्या ट्रॅक्टरचे कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. क्रम असा ठेवा :

१. चाक फिरू लागले की आधी क्लच दाबा. चाके पूर्ण थांबू द्या. गरगर फिरत्या चाकावर लॉक दाबले तर आतले दात एकमेकांवर आदळतात आणि तुटतात.

२. स्टिअरिंग सरळ करा. सर्वांत हळू गिअर घाला.

३. लॉकचे पायडल दाबून धरा आणि क्लच सावकाश सोडा. ॲक्सिलरेटर एकदम ओढू नका.

४. ट्रॅक्टर घट्ट जागेवर आला की टाच उचला. आतली स्प्रिंग लॉक सोडवते.

५. टाच उचलूनही लॉक सुटले नाही, तर घाबरू नका. चाकांवर ताण असला की दात अडकून राहतात. क्लच दाबून ताण काढा, किंवा अगदी हळू चालत डावा आणि उजवा ब्रेक आळीपाळीने हलकेच दाबा. लॉक सुटल्याची खात्री होईपर्यंत वळू नका.

लॉक बिघडलेले असेल तर तात्पुरता उपाय आहे. जे चाक रिकामे फिरते, त्याच बाजूचा ब्रेक हलका दाबा. त्यामुळे दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. मात्र लॉक लावलेले असताना एका बाजूचा ब्रेक कधीही दाबू नये.

केव्हा वापरू नये?

वळताना, पक्क्या रस्त्यावर, वेगात आणि आडव्या उतारावर लॉक नको. लॉक लागलेला ट्रॅक्टर सरळच पळू पाहतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, पुढची चाके वळतात, पण मागची चाके ढकलत राहतात. नांदगाव पेठ हे अमरावती–नागपूर महामार्गावरचे गाव. पांधणीतून निघालेली कापसाची ट्रॉली थेट त्या रस्त्याला लागते. तिथे वळता आले नाही, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. म्हणून रस्त्याला लागण्याआधी थांबा. लॉक सुटले का ते पाहा, आणि दोन्ही ब्रेकची पायडले जोडणारी कडी लावा. वावरात डावा-उजवा ब्रेक सुटा लागतो. रस्त्यावर तो सुटा राहिला, तर एकच चाक धरते आणि ट्रॉली आडवी होते.

पायडल बांधून ठेवू नका

रोटावेटर चालवताना सारखे पाय दाबून ठेवावा लागतो, म्हणून काही जण पायडलला तार बांधतात किंवा आकडा बसवतात. मग धुऱ्यावर वळतानाही लॉक लागलेलेच राहते. परिणाम काय? टायर घासतात, क्राउन-पिनियनवर ताण येतो, हाफ शाफ्ट पिळून तुटतो. पायडलवर टाच ठेवावी लागते ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. पाय उचलताच सुटावे, हाच त्यातला बंदोबस्त आहे.

बटणाचे लॉक आणि वायरिंग

अलीकडच्या काही मोठ्या ट्रॅक्टरांत आणि फोर-व्हील गाड्यांत लॉक बटणाने लागते. बटण दाबले की बॅटरीचा करंट एखाद्या व्हॉल्व्हला किंवा छोट्या मोटरीला जातो आणि ती लॉक लावते. कंपनी मध्ये काही अटी घालते. काही ट्रॅक्टरांत ब्रेक दाबला किंवा अवजार उचलले की लॉक आपोआप सुटते. काही गाड्यांत लो गिअर असल्याशिवाय लॉक लागतच नाही, आणि मागचे लागल्याशिवाय पुढचे लागत नाही.

पुढचे आणि मागचे लॉक वेगवेगळे आपल्या हाती असावे, असे काहींना वाटते. ही मागणी चुकीची नाही. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने आपल्या गुरखा गाडीला पुढच्या आणि मागच्या लॉकसाठी दोन वेगळे दांडे दिले आहेत. पण बटणाच्या गाडीत वायर तोडून तसे करायचे असेल, तर पुढील गोष्टी सांभाळा :

— आधी लॉक कशावर चालते ते ओळखा. व्हॉल्व्ह किंवा चुंबक असेल, तर लॉक लागलेले असेपर्यंत करंट लागतो. मोटर असेल, तर करंट फक्त लावताना आणि सोडताना लागतो. शेवटाला पोचल्यावर आतला स्विच तो तोडतो. तो स्विच वगळून सरळ करंट दिला तर मोटर जळते.

— पुढच्या आणि मागच्या लॉकला स्वतंत्र बटण, स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज हवा. फ्यूज बॅटरीजवळ बसवा. जादा करंट बटणातून नेऊ नका, रिलेतून न्या.

— बटणाला करंट चावीतून द्या, म्हणजे चावी बंद केल्यावर बटणही बंद होईल.

— दिवा बटणावरून पेटवू नका. लॉक खरोखर लागले की नाही हे सांगणारा जो स्विच ॲक्सलवर असतो, त्यावरून पेटवा. बटण बंद केले म्हणजे लॉक सुटलेच असे नसते.

— पुढचे आधी की मागचे आधी, एवढीच अट काढा. ब्रेक दाबल्यावर सुटण्याची आणि लो गिअरची अट जशीच्या तशी ठेवा. पुढचे लॉक लागले की स्टिअरिंग जड होते. ते सरळ जाताना आणि थोडाच वेळ लावा.

— मूळ वायर कापू नका. कनेक्टरला कनेक्टर जोडा, म्हणजे परत पहिल्यासारखे करता येईल. वायर नळीत घाला, सायलेन्सर आणि फिरत्या शाफ्टपासून दूर बांधा. उंदरांकडेही लक्ष ठेवा.

हे काम कंपनीचा नकाशा वाचता येणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. वॉरंटी चालू असेल तर आधी विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

हंगामाआधीची परीक्षा

मृगाच्या पंधरा दिवस आधी पायडलच्या सांध्याला ग्रीस द्या. मिस्त्रीकडून एक सोपी परीक्षा करून घ्या. इंजिन बंद, पुढच्या चाकांना ओट, मागची दोन्ही चाके मजबूत ठोकळ्यांवर उचललेली, गिअर घातलेला. नुसत्या जॅकवर हे करू नये. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरे उलट फिरले पाहिजे. पायडल दाबून पुन्हा फिरवून पाहा. चाक हलता कामा नये. पायडल सोडल्यावर परत फिरले पाहिजे. तिन्ही गोष्टी जमल्या म्हणजे लॉक ठीक आहे.

फसलाच तर

लॉकने चमत्कार होत नाही. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. दर्यापूर-भातकुलीकडच्या खारपाण पट्ट्यात तर पाणी लवकर मुरतही नाही. दोन्ही चाके सारखीच घसरत असतील तर लॉक काय करणार? म्हणून वापसा येईपर्यंत ट्रॅक्टर वावरात घालूच नये, हा पहिला उपाय. एवढ्याने जमीनही दबत नाही.

तरीही फसला तर ट्रॉली सोडा, चाकापुढचा चिखल उकरा, चाकाखाली पऱ्हाटी किंवा फांद्या घाला. पुढे निघत नसेल तर लॉक लावून मागे घ्या. मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून पुढे काढण्याचा प्रकार मात्र कधीही करू नका. ओंडका अडला की चाक थांबते, पण इंजिनाचा जोर थांबत नाही. मग ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो चालवणाऱ्यावर मागे उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे असेल, तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा, वरच्या लिंकच्या जागी नको. आणि साखळीजवळ कोणी उभे राहू नये.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था १९५५ पासून आहे. घरातल्या तरुणाला ट्रॅक्टर हाती देण्याआधी तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी जरूर करावी.

पुष्कळांकडे ट्रॅक्टर मालक चालवत नाही, सालदार किंवा भाड्याचा ड्रायव्हर चालवतो. तेव्हा हे पत्रक वाचून घडी करून ठेवू नका. चालवणाऱ्याला वाचून दाखवा, पायडल कुठे आहे ते त्याला दाखवा, एकदा त्याच्याकडून दाबून-सोडून घ्या. मग टूलबॉक्समध्ये ठेवा. आणि पायडलला तार बांधलेली असेल, तर ती आजच काढा.