जिवंत आमिषाने किनारी मासेमारी

जिवंत आमिषाने किनारी मासेमारी म्हणजे लहान जिवंत मासा गळाला लावून, होडीचा वापर न करता, पुळणीवर किंवा फुटत्या लाटांच्या उथळ पाण्यात उभे राहून मोठे शिकारी मासे पकडण्याची पद्धत होय. गळाला कोकणात 'गरी' आणि गळाने मासे पकडण्याला 'गरवणे' असे म्हणतात. कोळंबी, माकूळ किंवा माशाचा तुकडा ही गरवण्याची नेहमीची आमिषे. जिवंत मासा त्या मानाने कमी वापरला जातो, कारण तो मिळवण्यापेक्षा टिकवणे अधिक कठीण असते.

स्वरूप

जिताडा, रावस, तांबोशी यांसारखे मासे भक्ष्याचा माग केवळ वासावर काढत नाहीत. पाण्यातील सूक्ष्म कंपने त्यांना अंगावरील पार्श्वरेषेच्या साहाय्याने जाणवतात. गळाला लावलेला मासा धडपडतो तेव्हा ही कंपने निर्माण होतात, आणि पावसाळ्याच्या सुमारास पाणी गढूळ असतानाही शिकारी मासा आमिषाकडे ओढला जातो. मृत आमिषावर मात्र खेकडे आणि शिंगाळे आधी तुटून पडतात.

आमिषाचे मासे

कोकणच्या खाड्यांत सर्वांत सोयीचे आमिष म्हणजे बोईट. त्याची पिल्ले भरतीबरोबर थव्याने खाडीच्या कडेला येतात आणि पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकून पकडता येतात. क्षारतेतील चढउतार हा मासा चांगला सोसतो, म्हणून तो बादलीतही तग धरतो. १० ते १५ सेंटिमीटर लांबीचा बोईट बहुतेक कामांस पुरतो. मुडदुशी ही मूळचीच वाळूच्या किनाऱ्यावरची; लाटांत ती उत्तम जगते. तथापि बाजारात तिला स्वतःलाच इतका भाव असतो की आमिषासाठी ती वापरणे अनेकांच्या जिवावर येते. तारली आणि पेडवे या कामी निरुपयोगीच म्हणावे लागतील. हाताळताच त्यांचे खवले गळतात आणि थोड्याच वेळात ते मरतात.

आमिष जिवंत ठेवणे

या पद्धतीचे यशापयश बहुतांशी बादलीतच ठरते. पाणी जितके उष्ण व खारे, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. २० अंशांना हेच प्रमाण ७ मिलिग्रॅमच्या वर असते. उलट तापमान वाढले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात ठेवलेल्या बादलीतील मासे अर्ध्या तासात पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात, ते यामुळेच. दुसरे कारण अमोनियाचे. माशांच्या उत्सर्जनातून तो पाण्यात साचतो आणि केवळ हवा सोडल्याने निघून जात नाही. त्यासाठी पाणीच बदलावे लागते.

यावर उपाय साधे आहेत. बादली गोल असावी, कारण चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यात मासे एकमेकांवर दाटतात. १० लिटर पाण्यात चार-पाचांहून अधिक मासे ठेवू नयेत. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप, ओल्या गोणपाटाची सावली आणि थोडेथोडे करून बदललेले समुद्राचेच पाणी एवढे पुरते. नळाचे पाणी घालू नये. त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना मारक असतो. मासा धरण्यापूर्वी हात ओले करावेत, अन्यथा त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

गळाला लावणे व फेकणे

गळ दोन्ही ओठांतून खालून वर, किंवा नाकपुड्यांतून ओवतात. पाठीच्या पराजवळ, कण्याच्या वर गळ लावला तर मासा अधिक मोकळेपणाने पोहतो. पण जोराने फेकताना तेथील मांस फाटते. म्हणून किनाऱ्यावरून फेकायचे असल्यास ओठ हीच जागा श्रेयस्कर. शिसे मुख्य तंगूसवर सरकते ठेवतात, जेणेकरून आमिष गिळणाऱ्या माशाला वजनाची ओढ लागत नाही. गळाकडील शेवटचा तुकडा जाड तंगूसचा असावा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणांना धारदार कडा असतात आणि पातळ तंगूस त्यांवर घासून तुटते.

नवखे लोक आमिष शक्य तितके दूर फेकतात. ते बहुधा व्यर्थ जाते. किनारा आणि वाळूचा पहिला बांध यांच्यामधील खोलगट पट्ट्यातच लहान माशांचे थवे फिरतात आणि शिकारी मासेही त्यांच्यामागे तेथेच येतात. काठी सावकाश, बाजूने फिरवून २०-३० मीटरवर आमिष सोडले तरी चालते. खाडीच्या मुखाशी, चढत्या भरतीत, पहाटे किंवा तिन्हीसांजेला यश अधिक मिळते.

दूरच पोहोचायचे असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रूढ असलेली युक्ती उल्लेखनीय आहे. तेथे आधी तारेच्या नख्या असलेले नुसते शिसे दूर फेकून वाळूत रोवतात. मग आमिषाचा तुकडा एका बाजूलाच सरकणाऱ्या कडीने ताणलेल्या तंगूसवर अडकवून पाण्यात उतरवतात. आमिषाला फेकण्याचा हिसका बसतच नाही.

वर्तुळाकार गळ

जिवंत आमिष मासा पुरते गिळतो, त्यामुळे साधा गळ घशात वा पोटात रुतण्याची शक्यता मोठी असते. ज्याचे टोक दांड्याकडे आत वळलेले असते असा वर्तुळाकार गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मात्र तो वापरताना झटका द्यायचा नसतो. तंगूस हळूहळू ताणायचे असते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेरी बास माशासाठी आमिष वापरताना असा गळ २०२१ पासून सक्तीचा आहे. कोकणातही त्याला अर्थ आहे. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात आणि काही वर्षांनी मादी बनतात. म्हणजे गळाला लागलेला सर्वांत मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी असते, आणि तिला परत सोडायचे तर ती जगण्याच्या स्थितीत असली पाहिजे.

आक्षेप व कायदा

आमिष-माशाला होणाऱ्या यातनांमुळे ही पद्धत वादग्रस्त ठरली आहे. स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्यात जिवंत पृष्ठवंशी प्राणी आमिष म्हणून वापरण्यास बंदी आहे. भारतात प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये 'प्राणी' या संज्ञेत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव येतो, आणि केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला बंदिस्त करून दुसऱ्याचे भक्ष्य बनवणे हा कलम ११ नुसार गुन्हा आहे. पोटासाठी गरवणारा आणि हौसेसाठी गरवणारा यांच्यातील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात असणारी पावसाळी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांसाठी नाही. परंतु याच काळात समुद्र सर्वाधिक खवळलेला असतो आणि कातळावर उभे राहून गरवणे जिवावर बेतू शकते. उरलेले आमिष-मासे ज्या खाडीतून पकडले तेथेच सोडावेत. दुसऱ्या जलाशयात सोडल्यास रोग आणि परक्या जाती पसरण्याचा धोका असतो.