सामुराई गेले, बुशिदो राहिला

जपानचा सैनिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सामुराई उभा राहतो. कमरेला दोन तलवारी लावलेला, मरणाला न भिणारा, शरण न जाणारा. दुसऱ्या महायुद्धात विमानासह शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळणारे वैमानिक म्हणजे या सामुराईंचेच वारस आणि त्यांचे ते वेड रक्तातूनच आलेले, असे पुष्कळांना वाटते. या समजुतीत एक मोठी अडचण आहे. जपानी सैन्यातले बहुसंख्य शिपाई सामुराईंचे वंशज नव्हतेच. ते शेतकऱ्यांचे मुलगे होते, आणि त्यांच्या पूर्वजांना तर शस्त्रे बाळगायचीच बंदी होती!

१५८८ साली हिदेयोशी या सत्ताधीशाने फर्मान काढून खेड्यापाड्यांतून तलवारी, भाले, बंदुका जमा केल्या. कारण मोठे धार्मिक दिले. हे लोखंड वितळवून बुद्धाच्या महामूर्तीच्या कामासाठी खिळे करायचे, म्हणजे शस्त्र देणाऱ्याला पुण्यच लागेल! खरा हेतू हा की शेतकऱ्याने शेत पिकवावे, बंड करू नये. १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची शोगुनशाही आली आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ देशात शांतता नांदली. सामुराईला लढायला शत्रूच उरला नाही. तो आपल्या सरदाराच्या दप्तरात हिशेब लिहू लागला आणि त्याची नेमणूक तांदळाच्या मापात ठरू लागली. गंमत अशी की, सामुराईच्या मरणाचा मोठा गौरव याच शांततेच्या काळात लिहिला गेला. 'हागाकुरे' हा प्रसिद्ध ग्रंथ यामामोतो त्सुनेतोमो यांच्या बोलण्यावरून तयार झाला. हे गृहस्थ आयुष्यात एकही लढाई लढले नव्हते.

१८५३ मध्ये अमेरिकेचा पेरी युद्धनौका घेऊन आला, १८६८ मध्ये शोगुन जाऊन सम्राट मेइजींच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. हा भाग पाठ्यपुस्तकांत असतोच, म्हणून विस्तार करीत नाही. माझ्या मते खरे महत्त्वाचे साल १८७३. त्या साली सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. वीस वर्षांच्या तरुणाने, मग तो कोणत्याही घरातला असो, तीन वर्षे सैन्यात काढायची. सरकारी निवेदनात या सेवेला 'रक्तकर' असा शब्द वापरला होता. खेड्यांतल्या लोकांनी तो शब्दशः घेतला. सरकार आपल्या पोरांचे रक्त काढून नेणार, अशी आवई उठली आणि ठिकठिकाणी दंगे झाले. इतिहास वाचताना या अडाणीपणाचे हसू येते खरे. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो म्हणून असेल, मला ते आले नाही. घरातला कर्ता हात तीन वर्षे जाणार, आणि २७० येन भरू शकणाऱ्याच्या मुलाला मात्र सूट! मग लोकांनी त्या शब्दाचा अर्थ चुकीचा लावला, असे तरी कसे म्हणावे?

१८७६ मध्ये सामुराईंच्या तलवारीही गेल्या आणि नेमणुकाही. पुढच्याच वर्षी सायगो ताकामोरी यांच्या पाठीशी सात्सुमाचे सामुराई उठले. त्यांनी कुमामोतोच्या किल्ल्याला वेढा घातला. आतल्या फौजेत सक्तीने भरती झालेले शिपाई होते. त्यांनी सुमारे पन्नास दिवस किल्ला लढवला. सप्टेंबरात सायगो पडले. शेतकऱ्यांच्या पोरांनी तलवारबहाद्दरांना हरवले.

येथे सामुराईंची कथा संपायला हवी होती. पण नव्या राज्याला आज्ञाधारक सैनिक हवे होते. १८८२ मध्ये सैनिकांसाठी सम्राटाचा आदेश निघाला. त्यात कर्तव्याला पर्वताची आणि मरणाला पिसाची उपमा दिली आहे. १८९० मध्ये शिक्षणाविषयीचा आदेश निघाला आणि तो शाळाशाळांतून समारंभपूर्वक वाचला जाऊ लागला. पूर्वी सामुराईची निष्ठा आपल्या सरदारापुरती असे. आता ती प्रत्येक मुलाला सम्राटाच्या नावाने शिकवली जाऊ लागली. 'बुशिदो' हा शब्द जगभर पोहोचवणारे नितोबे इनाझो यांचे पुस्तक तर मूळ इंग्रजीत, अमेरिकेत लिहिलेले! तलवारीचेही तसेच. नव्या सैन्याने प्रथम युरोपीय धाटणीची तलवार घेतली होती. १९३४ मध्ये अधिकाऱ्यांसाठी जुन्या जपानी घडणीची तलवार परत आणली आणि पुढल्या वर्षी हवालदार दर्जाच्या लोकांसाठीही तशी निघाली. ती कारखान्यात तयार होई आणि तिच्या पात्यावर अनुक्रमांक असे.

हे सारे रक्तातले असते तर बदलले नसते. १९०४-०५ च्या युद्धात मात्सुयामा येथे ठेवलेल्या रशियन कैद्यांना जपानने इतके चांगले वागवले की परदेशी लोकांनी त्याची वाखाणणी केली. त्याच राष्ट्राच्या सैन्याने १९३७ मध्ये नानकिंगला शरण आलेल्या सैनिकांची आणि नागरिकांची कत्तल केली. मध्ये गेली जेमतेम तेहतीस वर्षे. आणि जानेवारी १९४१ मध्ये लष्करमंत्री तोजो यांच्या नावाने जी सैनिकी आचारसंहिता निघाली, तिने जिवंतपणी कैदी होणे हीच लाज ठरवली. ज्याला स्वतःला शरण जायची मुभा नाही, तो शरण आलेल्याला काय मान देणार?

आता कला शाखेच्या आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट. विद्यार्थ्यांना लष्करभरतीतून मिळणारी तहकुबी १९४३ मध्ये काढून घेण्यात आली, पण सर्वांची नव्हे. विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक शिकणारे राहिले. ते युद्धाला उपयोगी होते. साहित्य, कायदा, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांची पुस्तके मिटली गेली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तोकियोच्या मैदानात भर पावसात हजारो विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या गणवेशात, खांद्यावर बंदुका घेऊन संचलन केले. तोजो तेव्हा पंतप्रधान होते आणि भाषणाला हजर होते. यांतील काही मुले पुढच्या दीड-दोन वर्षांत त्या आत्मघातकी विमानांत बसली. युद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांची पत्रे आणि रोजनिशा १९४९ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. त्यांत सामुराई फारसे भेटत नाहीत. भेटतात ती अर्धवट राहिलेली पुस्तके, घरची आठवण, आणि आपण नेमके कशासाठी मरतो आहोत, हा पुन्हा पुन्हा लिहिलेला प्रश्न.