‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले?

दिवेलागणीला ओसरीवर मुलांचे पाठांतर चालते : गो, वेंट, गॉन, कट, कट, कट. घरची वडील मंडळी ऐकतात आणि गप्प राहतात, कारण इंग्रजी आपला प्रांत नव्हे अशी त्यांची समजूत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आले, तरी ही धास्ती काही गेली नाही. पोराला तिथेच एकटे वाटू लागते आणि विषय कच्चा राहतो.

खरे पाहता बहुतेक इंग्रजी क्रियापदे गरीब आहेत. शेवटी ‘ईडी’ ही अक्षरे जोडली की भूतकाळ तयार. उच्चार मात्र तीन तऱ्हेचा. ‘मिल्क’पुढे ‘ट’ ऐकू येतो, ‘प्लाउ’पुढे म्हणजे नांगरण्यापुढे ‘ड’, आणि ‘प्लांट’पुढे ‘इड’.

आडमुठी आहेत ती जाणे, येणे, खाणे, पिणे, देणे, घेणे अशी रोजची क्रियापदे. जो शब्द सतत तोंडी असतो तो जुने वळण सहसा सोडत नाही. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, तो पुढे नियमात आला. ‘डिग’ म्हणजे खणणे, त्याची गंमत उलटी : १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘डिग्ड’ आहे, आज सारे ‘डग’ म्हणतात! आणि ‘वेंट’ तर ‘गो’चे लेकरूच नव्हे. ‘वेंड’ म्हणजे वाट धरणे, त्या क्रियापदाचे ते दत्तक घेतलेले.

पण आपण तरी ‘जा’चे ‘जाला’ कुठे म्हणतो? बस-बसला, उठ-उठला हे सरळ. जा-गेला, कर-केला, मर-मेला हे वाकडे. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही हे बिनचूक येते. तिनेच नातवाला विचारून पाहावे. शिवाय तो गेला, ती गेली, ते गेले, या सगळ्यांना इंग्रजीत एकच ‘वेंट’ पुरते, हे मुलांना कोणी सांगतच नाही.

‘आय डिड नॉट वेंट’ ही नेहमीची चूक. भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने उचलले, आता दुसऱ्याने ते उचलायचे नाही. म्हणून ‘डिड नॉट गो’.

अधिक फसगत होते ती आपल्या बोलण्याच्या सवयीने. हाक आली की आपण जागचे न हलता ‘आलो, आलो’ म्हणतो. त्याचे ‘आय केम’ केले तर इंग्रजीत माणूस येऊन पोचलेला असतो; तिथे ‘आय ॲम कमिंग’ हवे. ‘पाऊस आला तर पेरू’ यातही आपला भूतकाळ. इंग्रजीत मात्र ‘इफ इट रेन्स’, वर्तमानकाळ. तिथे ‘इफ इट रेन्ड’ म्हटले, तर ऐकणारा समजेल की या गड्याला यंदा पावसाची फारशी आशा दिसत नाही.