पाहुण्या रोपासाठी ओसरी

आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत परका मनुष्य आला म्हणजे त्याला थेट माजघरात नेत नाहीत. तो आधी ओसरीवर बसतो, गावची-नात्याची विचारपूस होते आणि मग उंबरठा ओलांडण्याचा प्रश्न येतो. यात पाहुण्याचा अपमान आहे असे कोणी मानीत नाही. परदेशातून येणाऱ्या रोपाला मात्र आपण ही रीत लावीत नाही. आखातातून, पोर्तुगालमधून किंवा बोटीवरून परतणाऱ्या माणसाच्या बॅगेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी फांदी, एखादा कंद किंवा चार बिया असतात. घरी पोचताच त्या परसात रुजतात, आणि वर्षभरात शेजारीही त्यांची कलमे मागून नेतात. रांबुतान, मँगोस्टीन, अव्होकॅडो, शोभेचे माड, नाना रंगांचे अँथुरियम यांची हौस गोव्यात आणि कोकणात वाढली आहे. या हौसेला आमचा विरोध नाही. जमिनीवर प्रेम असल्याखेरीज ही हौस येत नाही. परंतु त्या ओल्या फडक्यातून आणखी काय काय येते याचा विचार ना आणणारा करतो, ना मागून नेणारा. आणि ज्याला तो करावयाचा आहे त्यालाही सरकारने सोयीची वाट ठेवलेली नाही. आमचे म्हणणे आहे ते या दुसऱ्या गोष्टीविषयी.

यावर एक उत्तर ठरलेले असते. काजू ब्राझीलहून आला, मिरची, अननस, पेरू, पपई, सीताफळ ही सारी अमेरिका खंडाची लेकरे पोर्तुगीज गलबतांतून आली, तेव्हा कोणता विलगवास पाळला गेला होता? प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो तसा नाही. त्या काळी प्रवासाला महिनोन् महिने लागत. मिठाच्या वाऱ्यात जे रोगट होते ते वाटेतच मरे, आणि पुष्कळसे येई ते बियांच्या रूपाने. समुद्र हाच त्या काळचा विलगवास होता. आज साओ पावलोला सकाळी कापलेली फांदी दोन दिवसांत म्हापशाच्या परसात लागू शकते, आणि तिच्या पानामागची अंडीही तितकीच ताजी असतात. शिवाय सगळेच पाहुणे काजूसारखे निघाले नाहीत. शोभेसाठी आणलेली घाणेरी आज आपले डोंगर गिळून बसली आहे. तिच्यासारखीच शोभेची म्हणून आलेली जलपर्णी तळी गुदमरवते आहे. आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत, जे अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आल्याचे सांगतात, त्याने देशाचा एकही रस्ता सोडलेला नाही.

ज्यांना तण हा दूरचा शत्रू वाटतो त्यांनी माडाच्या चुडताखालची बाजू पाहावी. २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोळ्ळाची आणि केरळातील पालक्काड या भागांत रुगोज चक्राकार पांढरी माशी प्रथम सापडली. ही मूळची मध्य अमेरिकेची. बेलीझमध्ये ती नारळावर आढळल्याची नोंद २००४ ची, आणि २००९ मध्ये ती अमेरिकेतील फ्लोरिडात पोचली होती. भारतात ती कोणत्या मार्गाने आली याचा पुरावा कोणाच्या हाती नाही. परंतु हजारो मैलांचा महासागर इवल्याशा पंखांनी ओलांडण्याची ताकद या माशीत नाही, तेव्हा कोणत्या तरी हिरव्या पानावर बसूनच ती आली असली पाहिजे. पुढच्या काही वर्षांत ती किनाऱ्याकिनाऱ्याने कर्नाटक, गोवा आणि कोकणात पसरली. ती पानातला रस शोषते, चिकट गोड स्राव खाली टाकते, त्यावर काळी बुरशी वाढते आणि माडाखालची केळ, पोफळ, अगदी विहिरीचा कठडासुद्धा काजळल्यासारखा दिसू लागतो. माड लगेच मरत नाही, पण खंगतो. २०१८ मध्ये केरळातच आणखी एका परदेशी पांढऱ्या माशीची, बोंडारच्या घरटी करणाऱ्या माशीची, भर पडली. यातला दैवाचा खेळ असा की, रुगोज माशीला आवर घालणारा एन्कार्सिया नावाचा चिमुकला परोपजीवी कीटक आपल्याकडे आधीच आलेला होता, तोही असाच बिनपरवाना, १९९० च्या दशकात आलेल्या दुसऱ्या एका चक्राकार माशीच्या पाठोपाठ. बागायतदारांचे जे काही वाचले त्यात या योगायोगाचा वाटा मोठा आहे. योगायोगावर शेती चालवता येत नाही.

यादी लांबवीत नाही. निलगिरीत १९६१ मध्ये बटाट्याचा सोनेरी सूत्रकृमी, त्याच डोंगरांत १९९० मध्ये कॉफीच्या बोंडाचा भुंगा, कोइमतूरला २००८ मध्ये पपईचा पिठ्या ढेकूण, पुण्याकडे २०१४ मध्ये टोमॅटोची पाने पोखरणारी तुटा, शिवमोग्ग्यात २०१८ मध्ये मक्यावरील लष्करी अळी. हे सारेच रोपांतून आले असे नव्हे. लष्करी अळीचा पतंग रात्रीत शेकडो किलोमीटर उडतो, त्याला कोणते ठाणे अडवणार? पण पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी ही पानाला चिकटून राहणारी जात, आणि तिला मात्र ठाण्यावर पकडता येते. पपईच्या पिठ्याचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. त्याच्यावर जगणारे तीन परोपजीवी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून रीतसर परवान्याने मागवले गेले, बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेत बंदिस्त जागी तपासले गेले आणि मगच शेतांत सोडले गेले. रोग चोरवाटेने आला होता. औषध मात्र ओसरीवर थांबून, तपासून घेऊन आत आले.

आणि आपण केवळ पीडित आहोत असेही नाही. माडाचा शेंडा पोखरणारा आपला सोंड्या भुंगा दक्षिण आशियाचा रहिवासी. १९८० च्या दशकाच्या मध्यास तो खजुराच्या व शोभेच्या माडांच्या रोपांतून आखातात गेला आणि १९९० च्या दशकात इजिप्त व स्पेनपर्यंत पोचला. त्या देशांतल्या खजुराच्या बागांची त्याने केलेली दशा पाहिली म्हणजे सीमेवरचा तपासनीस हा केवळ आपला नव्हे, जगाचाही राखणदार असतो हे पटते. युरोपला हा धडा आधीच मिळाला होता. अमेरिकेतून आणलेल्या द्राक्षवेलींबरोबर १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची कीड तेथे गेली, फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड झाले, आणि १८७८ मध्ये बर्न येथे राष्ट्रांना एकत्र बसून वेलींच्या वाहतुकीविषयी करार करावा लागला.

आपला कायदा काय म्हणतो? मूळ कायदा १९१४ चा, विध्वंसक कीटक व पीडा यांविषयीचा. त्याखाली केंद्र सरकारने २००३ मध्ये काढलेला वनस्पती विलगवास आदेश आज लागू आहे. लागवडीसाठी रोप वा बियाणे आणावयाचे तर आधी आयात परवाना हवा. त्या पिकाच्या कीडरोगांचा धोका तपासलेला हवा. ज्या देशातून रोप येते तेथील सरकारचा आरोग्यदाखला सोबत हवा. मुळांना माती लागलेली चालत नाही. आणि माल नेमून दिलेल्या ठाण्यांवरच उतरवावा लागतो. तेथे तपासणी झाल्यावरही अनेक रोपांना थेट शेतात जाता येत नाही. त्यांना मान्यताप्राप्त बंदिस्त जागेत, पिकागणिक काही आठवड्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत, निरीक्षणाखाली वाढवावे लागते. निरीक्षक असतात बहुधा कृषी विद्यापीठांतील वनस्पतिरोग व कीटकशास्त्राचे विभागप्रमुख. रोग दिसला तर रोपे नष्ट करण्याचा हुकूम निघतो. यातली एकही अट आम्हांला जाचक वाटत नाही. विषाणू पानावर दिसत नाही. तो दिसण्यासाठी झाडाला वाढावे लागते, आणि वाढीला ऋतू लागतो. व्हेनिसच्या लोकांनी जहाजांना चाळीस दिवस थोपवले त्यावरून क्वारंटाइन हा शब्द निघाला. झाडाचे चाळीस दिवस बहुधा अधिक लांब असतात एवढेच.

अडचण आहे ती निराळीच. ही बंदिस्त जागा आयात करणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने उभारावयाची आहे, आणि ती तपासून घेतल्याखेरीज परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. कीटक शिरणार नाही अशी बारीक जाळी, दोन दारे, निचरा होणारे पण बाहेर न वाहणारे पाणी, आसपास त्याच जातीचे झाड नको. मोठ्या बियाणे-कंपनीला हे कठीण नाही. संशोधन संस्थांसाठी दिल्लीचा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. परंतु फोंड्याच्या कुळागरवाल्याला मँगोस्टीनच्या चांगल्या जातीची वीस कलमे आणावयाची असतील, किंवा सावंतवाडीच्या रोपवाटिकेला अव्होकॅडोची दहा, तर त्याने काय करावे? वीस कलमांसाठी जाळीघर बांधावे? तो तसे करीत नाही. तो एक तर बेत सोडून देतो, नाही तर कोणाच्या तरी बॅगेची वाट धरतो. नियम कडक आणि तो पाळण्याची जागा मात्र कोठेच नाही, अशा ठिकाणी चोरवाट आपोआप रुळते. आमच्या मते या किनाऱ्यावरच्या बेकायदा आवकीचे मोठे कारण लबाडी नसून ही गैरसोय आहे.

क्वारंटाइन या शब्दाची मराठी मनातली आठवण मुळातच कडू आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडच्या कारकिर्दीत घरे कशी झडली आणि माणसे कशी छावण्यांत लोटली गेली हे इतिहास जाणणारा कोणी विसरलेला नाही. २०२० च्या साथीत त्या शब्दाची नवी ओळख झाली. दोन्ही वेळांचा अनुभव एकच सांगतो. विलगवासाची जागा नीट असली, तेथे किती दिवस राहावे लागेल हे आधी कळले, तर लोक तो सोसतात. नुसता हुकूम असला तर लपतात.

ऑस्ट्रेलियाने याची व्यवस्था कशी लावली ते पाहण्यासारखे आहे. वनस्पतींच्या बाबतीत त्या देशाइतका कठोर देश विरळा. तेथेही पूर्वी विलगवासाची ठाणी निरनिराळ्या शहरांत विखुरलेली होती. ती एकत्र करून मेलबर्नच्या उत्तरेस मिकलहॅम येथे सरकारने सुमारे ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून एकच मोठे केंद्र बांधले आणि २०१५ मध्ये ते सुरू झाले. कुत्री, मांजरे, घोडे, मधमाश्या आणि वनस्पती, साऱ्यांची सोय एका आवारात. रोप आणणाऱ्याने ते परदेशातून निघण्यापूर्वीच तेथील जाळीघरात वा काचघरात जागा आरक्षित करावयाची, जागेचे व तपासणीचे शुल्क भरावयाचे, आणि मग रोप मागवावयाचे. काही जातींना तेथे दोन-दोन वर्षे काढावी लागतात आणि जागेसाठी ताटकळावेही लागते; तक्रारी तेथेही आहेत. पण दहा वेली आणणाऱ्याला स्वतःचे काचघर बांधावे लागत नाही. आगगाडीने जावयाचे असेल तर आपण डबा विकत घेत नाही, बाकावरची जागा राखतो. तेवढीच ही साधी कल्पना आहे.

आपल्याला हे अशक्य आहे असे म्हणण्याचे कारण नाही. १९८१ मध्ये कासरगोडच्या केंद्रीय लागवडपीक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधील बेटांवरून नारळाच्या जाती गोळा केल्या. त्या सरळ केरळात आणून लावल्या नाहीत. अंदमानात सिपीघाट येथे लावल्या, भोवती समुद्र, मुख्य भूमीवरचे माड दूर. फिलिपिन्समध्ये कडांग-कडांग या रोगाने कोट्यवधी माड मारले आहेत. त्याचे कारण विषाणूहूनही सूक्ष्म असते, माड मरावयाला आठ-दहा वर्षे किंवा अधिक लागतात आणि लक्षणे उमटेपर्यंत त्याचा नारळ इतर नारळांसारखाच दिसतो. असा नारळ कोणी आठवण म्हणून बॅगेतून आणला तर विमानतळावरचा कोणता डोळा त्याला ओळखील? म्हणूनच आता शास्त्रज्ञ सबंध नारळ न आणता त्यातला गर्भ काढून काचनळीत वाढवून आणतात. ज्यांना माडाची किंमत कळते ते अशी काळजी घेतात. याच गोव्यात २०१६ मध्ये माडाला कायद्याच्या व्याख्येतून झाड म्हणून वगळले तेव्हा केवढा गहजब उडाला होता, आणि २०१७ मध्ये त्याला राज्यवृक्ष म्हणून मान द्यावा लागला! त्या उत्साहाचा शतांश या प्रश्नाच्या वाट्याला आला तरी पुरे.

दिल्लीकडूनही थोडीफार हालचाल आहे. १९१४ च्या कायद्याच्या जागी नवा आणण्यासाठी कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बाद झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे १,७६६ कोटी रुपयांच्या स्वच्छ रोप कार्यक्रमास मंजुरी दिली. त्याखाली देशात नऊ केंद्रे उभी राहावयाची आहेत आणि त्यांचा भर द्राक्षे, सफरचंद, संत्री, आंबा, डाळिंब अशा फळांवर आहे. ही केंद्रे रोगमुक्त मातृरोपे तयार करतील. काम मोलाचे आहे, पण किनाऱ्यावरच्या मसाल्याच्या, माडा-पोफळीच्या आणि नव्या उष्ण कटिबंधीय फळांच्या बागायतदाराला बाहेरून वीस कलमे आणण्यासाठी जी जागा हवी, ती यातून आपोआप मिळणार नाही. हिमाचल प्रदेशात फलोत्पादन खात्याने परदेशी सफरचंदाची रोपे स्वतः आणून, विलगवासाच्या जागी ठेवून, मग बागायतदारांना दिली. डोंगरातल्या राज्याला जे सुचले ते समुद्राकाठच्या राज्यांना का सुचू नये?

गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तीन सरकारांनी मिळून पश्चिम किनाऱ्यासाठी एक सार्वजनिक जाळीघर उभारावे. शास्त्रज्ञ येथेच आहेत. जुन्या गोव्यात एला येथे केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे. जागा निवडताना एकच पथ्य कठोरपणे पाळावे लागेल: कुळागरे आणि माडबागा यांपासून ती पुरेशी दूर हवी, मग भले ती एखाद्या उजाड सड्यावर का असेना. वर्षाच्या आरंभी किती खण मोकळे आहेत ते मराठी, कोंकणी आणि कन्नड वृत्तपत्रांत जाहीर व्हावे; अर्ज तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात घेतले जावेत; शुल्क खणामागे आकारावे आणि दहा-वीस रोपांच्या लहान अर्जांसाठी काही खण राखून ठेवावेत, नाही तर सारे जाळीघर दोन-चार मोठे व्यापारीच अडवून बसतील. ज्यांनी आजवर चोरवाटेने काही आणले आहे आणि ज्यांच्या झाडावर काही अनोळखी दिसते आहे, त्यांना दंडाचे भय न घालता ते झाड तपासून घेण्याची मुभा पहिल्या वर्षी तरी द्यावी. खात्याला आपल्या किनाऱ्यावर काय काय येऊन बसले आहे याची खरी यादी मिळवण्याचा दुसरा मार्ग आम्हांला दिसत नाही.