हप्ता कुणाच्या नावावर?

पुसदला मी ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते. माळपठारावरच्या गावांतून, तांड्यांवरून येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पैसे पडले काय?"

हे पैसे म्हणजे मुख्यतः पीएम-किसान आणि नमो शेतकरी महासन्मान निधी. पहिली योजना केंद्राची, फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झालेली. वर्षाला 6,000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. दुसरी राज्याची, 2023 पासूनची, रक्कम तेवढीच. 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांनी यवतमाळहून पीएम-किसानचा सोळावा आणि नमोचा दुसरा-तिसरा असे हप्ते एकदम सोडले. हंगामाच्या तोंडावर असे दोन हजार जरी हाती आले, तरी बियाण्याला हातभार लागतो.

पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव हवं, बँक खातं आधारला जोडलेलं हवं, ई-केवायसी झालेली हवी. एक म्हातारी याडी (बंजारा बोलीत आई) आली होती. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या, यंत्र अंगठा घेईना. हात धुऊन, कोरडे करून एकेक बोट ठेवून पाहिलं. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं आणि ती केवढी हसली! अशा अडचणीतून वाट निघते. ज्याचं नावच सातबाऱ्यावर नाही, त्याच्यासाठी मात्र मला काहीच करता येत नाही.

बटईने, मक्त्याने शेती करणाऱ्याची हीच गत. मक्त्याच्या शेतात बी त्याचं, खत त्याचं, रानडुकरांपायी रात्र जागणंही त्याचंच, हप्ता मालकाचा. खरीप 2023 च्या कापूस-सोयाबीनसाठी राज्याने दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी 5,000 रुपये दिले, तेव्हाही तेच झालं. अट ई-पीक पाहणीची होती. शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो बटईदाराने काढला तरी नोंद चढते मालकाच्या सातबाऱ्यावर. काही मालक आपणहून अर्धे पैसे देतात. तो त्यांचा चांगुलपणा. कसणाऱ्याला मागायचा हक्क नाही.

मालक करार लिहून देत नाहीत, त्यामागे जुनी धास्ती आहे. विदर्भासाठी 1958 साली कूळ कायदा झाला. तेव्हापासून कागदावर दुसऱ्याचं नाव आलं की कूळ लागेल, जमीन जाईल, हे घराघरांत बसलेलं आहे. म्हणून बटई तोंडी. आणि तोंडी व्यवहारावर ना पीककर्ज मिळत, ना गारपिटीची भरपाई.

बायकांचंही असंच अडतं. नवरा गेला की त्याचा हप्ता थांबतो. पीएम-किसानला 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर आलेली जमीन एरवी चालत नाही, वारसाने आलेली चालते. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, तेरावं झालं की तलाठ्याकडे जा, फेरफारात तुझं नाव लावून घे, नुसतं पोरांचं नको.

आंध्र प्रदेशाने 2019 साली कायदा करून कसणाऱ्याला 11 महिन्यांचं हक्कपत्र देऊ केलं. मालकी जमीनधन्याचीच राहते. पत्रावर कसणाऱ्याला पीककर्ज, विमा, भरपाई मागता येते. मालकाची भीती आणि कसणाऱ्याची अडचण, दोन्हींचा विचार त्यात आहे. आपल्याकडे हे व्हायलाच हवं. पुसदच्या तहसीलमधून असा कागद निघू लागला, तर बटईदारांचे अर्ज मी एक रुपयाही न घेता भरून देईन.