कुठल्या पाण्याला कुठली वाट?

आजचं बोलणं गटाराबद्दल आहे. नाक मुरडू नका हां, कारण आपल्याकडे गटाराबद्दल बोलायचं म्हणजे विहिरीबद्दलच बोलायचं. रत्नागिरी जिल्ह्यातली वाडी बहुतेक उतारावर वसलेली. वरच्या घरातून निघालेलं पाणी खालच्या घराकडे जातं, तिथून पऱ्याला आणि पऱ्यातून नदीला, खाडीला. मधे कुठंतरी कुणाची तरी प्यायच्या पाण्याची विहीर असते. म्हणून आपल्या घरातलं घाण पाणी कुठं सोडायचं, हा आपल्या एकट्याच्या घरचा प्रश्न राहत नाही.

हल्ली गावोगाव पक्के संडास, पक्क्या न्हाण्या झाल्या. शहरालगतच्या नाचणे, कुवारबाव, मिरजोळे अशा गावांत तर मजल्यावर मजले चढलेल्या इमारतीही दिसतात. रस्ता झाला की कडेला गटारही बांधलं जातं. मग घरात कुणीतरी म्हणतं, "दारात गटार आलंय, टाकीचा पाइप त्यात जोडून टाकू." मैत्रिणींनो, इथं जरा थांबा. जोडण्याआधी एकच विचारायचं: हे गटार बांधलंय कुठल्या पाण्यासाठी?

गटार म्हणजे कुठलं गटार?

आपण गटार हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक असतं रस्त्याकडेचं गटार. ते उघडं असो वा वर लाद्या घातलेलं, त्याचं काम पावसाचं पाणी वाहून नेण्याचं. काही गावांत मोरी-न्हाणीचं पाणीही त्यातून जातं. हे गटार शेवटी पऱ्याला किंवा खाडीला मिळतं. वाटेत पाणी शुद्ध करणारं काही नसतं.

दुसरी असते भुयारी मैलावाहिनी, म्हणजे जमिनीखालची बंद पाइपलाइन. तिला ठरावीक अंतरावर झाकणाची चेंबरं असतात. ती घराघरातला मैला घेऊन शुद्धीकरण केंद्राकडे जाते. तिथं घाण वेगळी काढून पाणी शुद्ध करतात आणि मगच सोडतात. संडासाचं पाणी जोडायचं ते अशा वाहिनीला. आपल्या जिल्ह्यात बहुतेक घरांना ही सोय नाही, तिथं शौचटाकी किंवा शोषखड्डेच आहेत. म्हणजे दारातलं गटार हे बहुधा पावसाळी गटारच असणार.

आता घरातलं पाणी बघू. ते तीन तऱ्हेचं असतं. पागोळ्यांचं आणि अंगणातलं ते पावसाचं पाणी. मोरी, न्हाणी आणि धुण्याभांड्यांचं ते सांडपाणी. संडासातून जातं ते मैलापाणी. तिन्ही पाण्यांच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या, हा सगळ्या नियमांचा गाभा. बाकी तपशील त्यातूनच निघतात.

टाकीतलं पाणी स्वच्छ नसतं

पुष्कळ जणींना वाटतं, टाकी बांधली म्हणजे बाहेर येणारं पाणी चांगलं. तसं नाही. शौचटाकीत जड गाळ तळाला बसतो, हलकी साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे सरकतं. ते दिसायला निवळ असलं तरी त्यात जुलाब, कावीळ, विषमज्वर, पटकी यांचे जंतू असू शकतात. म्हणून ते जमिनीखालच्या शोषखड्ड्यात मुरवायचं असतं. ते गटारात सोडलं तर संडास उघड्यावर रिकामा केल्यासारखंच झालं.

याची एक जुनी गोष्ट आहे, लंडन शहरातली. १८५४ साली तिथं ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास पटकीची साथ आली आणि सहाशेवर माणसं गेली. तेव्हा पटकी दूषित हवेतून येते असं बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी कुठल्या घरात कोण दगावलं आणि त्या घरचं पाणी कुठून येतं, हे दारोदार फिरून टिपलं. बोट एकाच सार्वजनिक पंपाकडे गेलं. पुढे हेन्री व्हाइटहेड या तिथल्या धर्मगुरूंनी साथीची सुरुवात शोधली. पंपाशेजारच्या घरात एक तान्हं मूल जुलाबानं आजारी होतं. आईनं त्याची दुपटी धुऊन ते पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं. खड्डा खणून पाहिला तर त्याच्या भिंती झिरपत होत्या आणि पंपाची विहीर जेमतेम तीन फुटांवर होती. त्या आईचा काय दोष? तिनं पाणी ओतायच्या जागीच ओतलं होतं. खड्डा चुकीच्या जागी होता आणि फुटका होता.

आता आपल्या जमिनीकडे बघा. आपला जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यात भोकं, भेगा आणि पोकळ्या असतात. मातीतून पाणी हळूहळू गाळून जातं, तसं जांभ्यात होईलच असं नाही. कधी ते भेगेतून सरळ धावतं. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात तेव्हा तर खड्ड्यातलं पाणी आणि विहिरीतलं पाणी जवळजवळ येतात. म्हणून अंतराचा नियम इतर कुणापेक्षा आपण जास्त कसोशीनं पाळायला हवा.

अंतर आणि मापं

राज्यात २०२० च्या डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यातली मापं गवंड्याला सांगता येतील इतकी सोपी आहेत. मैलापाणी मुरवणारा शोषखड्डा प्यायच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट दूर हवा. राहत्या घरापासून तो किमान ६ मीटर दूर हवा, नाहीतर पाया ओलावतो. विहीर खड्ड्याच्या वरच्या अंगाला असावी, उताराच्या खालच्या अंगाला नको. उतारावरच्या वाडीत हे कलम सर्वांत महत्त्वाचं. आपला खड्डा आपल्या विहिरीपासून लांब आहे एवढं पाहून भागत नाही. गडग्यापलीकडे, खालच्या घरची विहीर किती लांब आहे, तेही पावलांनी मोजायचं.

शौचटाकी आतून किमान ७५ सेंटीमीटर रुंद, पाण्याच्या पातळीखाली किमान १ मीटर खोल, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. टाकीत किमान १ घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी मावायला हवं. हवा जायला किमान ५० मिलिमीटरचा पाइप आणि त्याच्या तोंडाला डास अडवणारी जाळी हवी. ही जाळी स्वस्त असते आणि तरी पुष्कळ ठिकाणी नसते. आज घरी गेल्यावर तेवढं मान वर करून बघा.

दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की चेंबरमधून वाट फिरवून दुसरा सुरू करायचा आणि पहिला किमान वर्ष-दीड वर्ष बंद ठेवायचा. आत मैल्याचं खत होतं. जांभ्यासारख्या भेगांच्या जमिनीत खड्ड्याभोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा थर द्यावा आणि तळ बंद करावा. वाळू गाळणीचं काम करते.

परवानगी कुणाची?

गावात असाल तर ग्रामपंचायतीची. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गटारं बांधणं, ती साफ ठेवणं आणि सार्वजनिक स्वच्छता राखणं ही ग्रामपंचायतीची कामं आहेत. गटार ग्रामपंचायतीचं, म्हणून त्याला भोक पाडून पाइप घालण्याआधी तिची परवानगी हवी. तुम्ही सांडपाण्यासाठी विचारत आहात की संडासाच्या पाण्यासाठी, हे अर्जात स्पष्ट लिहा. इमारत बांधणाऱ्यानं मैल्याची सोय नकाशात काय दाखवली आहे, हेही ग्रामपंचायतीत विचारता येतं.

रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर इथं नगर परिषदा आहेत. दापोली, गुहागर, लांजा, देवरुख, मंडणगड इथं नगर पंचायती. यांना १९६५ चा कायदा लागतो. सार्वजनिक गटाराला घरचं गटार जोडायचं तर परवानगी घ्यायची आणि ती देताना घातलेल्या अटी पाळायच्या. सांडपाण्याची नीट सोय नसलेल्या घरमालकाला ती करा म्हणून नोटीसही काढता येते.

आपल्यापैकी किती जणींची माणसं मुंबईला. तिथला महानगरपालिका कायदा १८८८ सालचा आहे. पालिकेचं गटार शंभर फुटांच्या आत असलं आणि घराची निचऱ्याची सोय नसली, तर घरमालकाला जोडणी करायला लावायचा अधिकार आयुक्तांना त्यात दिला. म्हणजे मैलावाहिनी जवळ आली की जोडणं ही मालकाची जबाबदारी होते. आपल्या शहरांत उद्या भुयारी योजना आल्या तर हाच प्रश्न आपल्याही दारात येईल.

तेव्हा काय करायचं ते ऐकून ठेवा. अर्जासोबत घरपट्टीची पावती आणि पाइप कुठून कुठे जाणार याचा साधा नकाशा लागतो. काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यायचं. रस्ता खोदायचा असेल तर त्याचं शुल्क आधी भरायचं आणि पावती जपून ठेवायची. पाइपाचा उतार बेताचा हवा. उतार कमी पडला तर मैला बसून राहतो, फार झाला तर पाणी पुढे पळतं आणि मैला मागे उरतो. जोडणी चेंबरमधेच करायची, मधेच पाइप फोडून नव्हे. माती लोटण्याआधी अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यायची. जुनी शौचटाकी तशीच सोडायची नाही. ती उपसून, वाळू-मातीनं भरून बंद करायची, नाहीतर एखाद्या दिवशी लाद्या खचून त्यात वासरू किंवा मूल पडायचं. जोडणीनंतरही आपल्या घरापासून सार्वजनिक वाहिनीपर्यंतचा पाइप साफ ठेवणं आपल्याकडेच असतं.

अर्ज अडून राहिला तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठली सेवा किती दिवसांत मिळणार आणि अपील कुणाकडे करायचं, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. तो वाचा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

पागोळ्या मैलावाहिनीत नकोत

एक हिशोब करू. हजार चौरस फुटांचं छप्पर आहे आणि आषाढात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला. त्या एका छपरावरून ९००० लिटरहून जास्त पाणी खाली येतं. शहरातल्या योजनांत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराचे झाले ६७५ लिटर. मैलावाहिनी या ६७५ लिटरच्या हिशोबानं बांधलेली असते. तिच्यात पागोळ्यांचा पाइप जोडला तर तेरा पट पाणी येतं आणि मग खालच्या घराच्या संडासातून मैला उलटा वर येतो. शौचटाकीचंही तसंच. पावसाचं पाणी शिरलं की आतला गाळ ढवळून बाहेर पडतो.

सांडपाण्याला मात्र आपल्याकडे फार चांगली वाट आहे. मोरीचं पाणी जाळी लावून परसात न्या. माडाला, केळीला, अळवाला ते चालतं. उरलेल्यासाठी पाझरखड्डा करा. तेलकट खरकटं आधी पुसून काढा, नाहीतर खड्ड्याची भोकं बुजतात.

टाकीत माणूस उतरवायचा नाही

दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते, ती यंत्राच्या गाडीनंच. आत विषारी वायू साठतो. उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तेव्हा कुणी "दोन गडी आणून स्वस्तात करून देतो" म्हणाला तर नाही म्हणा. आणि गाडीवाला तो मैला कुठं ओतणार हेही विचारा. पऱ्यात, विहिरीत किंवा गटारात घाण सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं मनाई आहे.

बचत गटानं काय करायचं?

एका सुट्टीच्या दिवशी वाडीचा नकाशा काढा. कागदावर घरं, विहिरी, संडासाचे खड्डे आणि गटारं दाखवा. उतार बाणानं दाखवा. १८ मीटरच्या आत खड्डा असलेल्या विहिरीभोवती लाल गोल करा. हे कुणाला दोष द्यायला करायचं नाही, नाहीतर पहिल्याच घरात भांडण होईल. आधी विहिरीचं पाणी तपासा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि संच देतात. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, ते शोधा. ग्रामपंचायतीला पाण्यासाठी हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालंय, तेही विचारा.

हा नकाशा महिला सभेत ठेवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे जातात. ठराव मोघम नको. "स्वच्छता राखावी" असं लिहिलं तर कुणाला काहीच करावं लागत नाही. असं लिहा: "रस्त्याकडेच्या गटाराला संडासाचा किंवा शौचटाकीचा पाइप जोडण्यास परवानगी देऊ नये. जोडलेले पाइप तीन महिन्यांत काढून शोषखड्डे करावेत. ज्यांच्याकडे जागा नाही, त्यांच्यासाठी सामाईक खड्ड्याची जागा ग्रामपंचायतीने ठरवावी." शेवटचं वाक्य गाळू नका. ज्या घराला अंगणच नाही, त्याला नुसता नियम सांगून पाइप निघणार नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या महिला सभेची तारीख विचारून घ्या आणि त्याआधी नकाशा तयार ठेवा. पाऊस सुरू होण्याआधी हे काम झालं, तर यंदाच पावसाळ्यात खालच्या वाडीच्या विहिरीला त्याचा उपयोग होईल.