कोठीतला माल का अडतो?

सुरतेजवळ पांडेसरा व सचिन येथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांत वाफेसाठी कोळसा व लिग्नाइट जाळतात, हे आपल्या व्यापारी बंधूंस ठाऊक आहेच. पावसाळ्यात मात्र एक अनुभव हटकून येतो. वर बंकर, म्हणजे इंधनाची कोठी, भरलेली. खालचे तोंड उघडे. आणि बॉयलरला इंधन नाही! मग पत्र्यावर घणाचे घाव सुरू होतात. या अडचणीमागील शास्त्र साधे असून ते जाणून घेणे हिताचे आहे.

भुकटीचा माल पाण्यासारखा वाहत नाही. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठ्यांविषयी दाखवून दिले की, मालाचा बराचसा भार घर्षणामुळे भिंतीच पेलतात. उंची वाढविली तरी तळावरील दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. म्हणून वरून आणखी माल ओतल्याने खालचा अडथळा सुटत नाही. ओला, बारीक माल तोंडापाशी घट्ट होतो आणि दगडी कमानीप्रमाणे स्वतःस तोलून धरतो. कधी मधोमध विहिरीसारखे भोक पडून तेवढाच माल उतरतो. कडेचा तसाच राहतो. असे लिग्नाइट फार दिवस पडून राहिल्यास आपोआप तापून पेटण्याचा संभव असतो.

यावरील उपायाची पद्धत अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचे अँड्र्यू जेनिके यांनी १९६४ मध्ये सविस्तर मांडली. मालाचा चिकटपणा व भिंतीचे घर्षण आधी मोजावे आणि त्यावरून उतार व तोंडाची रुंदी ठरवावी. उतार पुरेसा उभा, पृष्ठभाग गुळगुळीत व तोंड रुंद असल्यास सगळा माल एकत्र सरकतो आणि आधी आलेला आधी बाहेर पडतो. आपल्या गोदामातील नियमही हाच नव्हे काय? जुन्या कोठीस आतून स्टेनलेस पोलादाचे अथवा निसरड्या प्लास्टिकचे अस्तर लावता येते. पावसाआधी साठा झाकावा. घणाने पत्र्यास पोचे पडून माल अधिकच अडतो. आणि तोंड बंद असताना कोठी यंत्राने हादरविल्यास तो आणखी घट्ट बसतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अडलेला माल मोकळा करण्यासाठी मजुरास आत कदापि उतरवू नये. कमान कोसळताच मनुष्य क्षणार्धात गाडला जातो. अस्तराचा खर्च वहीत एकदा नावे पडतो; गेलेला जीव मात्र कोणत्याही वहीत पुन्हा जमा होत नाही.